चाचणीवस्तू क्रमांक तीन

अठ्ठावन्नावा स्फटिक भट्टीतून निघाला तो २०३९ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. पोतदारमामांनी क्वार्ट्झची नळी लाकडी पाळण्यात आडवी ठेवली, फिरत्या चाकाने तिच्या गळ्याभोवती चर पाडला आणि हातोडीने हलकेच एक ठोका दिला. नळी दुभंगली. तपकिरी धुळीचा छोटा ढग उठला. मामांनी तो हाताने बाजूला सारला आणि आतला मुठीएवढा काळसर गोळा खिडकीच्या उजेडात धरून फिरवला.

"एकसंध हाय," ते म्हणाले. "बाई, खुशाल काप काढा याचा. एक रेघ सापडायची न्हाई."

ते जिला बाई म्हणत ती डॉ. चारुशीला रेगे. सासवडजवळच्या माळावर उभ्या असलेल्या आकाशवेध केंद्रात ती 'तेजोवेध' या अवकाश-दुर्बिणीचा डिटेक्टर बनवत होती. नऊ वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं. लग्न तिसऱ्या वर्षी मोडलं, आई सहाव्या वर्षी गेली. दोन्ही वेळा ती चार दिवसांची रजा घेऊन पाचव्या दिवशी कामावर हजर झाली होती.

विलास पोतदार मूळचे हुपरीचे. चांदीकाम करणाऱ्या घरात जन्मले, आठव्या वर्षापासून वडिलांच्या मुशीपुढे बसले, आणि पुढे केंद्रात तंत्रज्ञ म्हणून लागले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. केंद्राने त्यांना कंत्राटावर परत बोलावलं, कारण त्यांच्याविना काम अडत होतं. स्फटिक वाढवणारी भट्टी पूर्णपणे संगणकावर चालायची, पण संगणकाच्या हाती दिली की पाचांतला एक स्फटिक चांगला निघे. मामा भट्टीच्या अंगावर तळहात ठेवून उभे राहत, तापमान अर्ध्या अंशाने खाली-वर करत, आणि दोनांतला एक चांगला निघे. हे ते कसं करतात ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. दोन इंजिनिअर त्यांच्या हाताखाली शिकायला आले आणि वर्षभरात कंटाळून निघून गेले.

स्फटिक लागत होते चौसष्ट. आठ रांगा, रांगेत आठ.

तेजोवेध बघणार होती ते कठोर क्ष-किरण. हाडाचा फोटो काढायला वापरतात त्याच जातीचे, पण कृष्णविवरांच्या काठावरून आणि फुटलेल्या ताऱ्यांच्या राखेतून येणारे. या किरणांना भिंग वाकवत नाही, साधा आरसा परतवत नाही. म्हणून दुर्बिणीच्या तोंडावर टंगस्टनचा एक जाड पत्रा बसवलेला असतो, आणि त्यात ठरावीक नक्षीची भोकं. आकाशातल्या प्रत्येक तेजस्वी ठिपक्यामुळे त्या नक्षीची सावली डिटेक्टरवर पडते. ठिपका थोडा बाजूला असला तर सावलीही तेवढीच बाजूला सरकते. हजारो सावल्या एकमेकींवर पडतात. त्या सोडवून मूळ चित्र उभं करायचं काम संगणकाचं.

पण सावली टिपायची कशावर? कॅडमियम, जस्त आणि टेल्युरियम यांच्या स्फटिकावर. किरणाचा एक कण आत शिरला की विजेचा एक सूक्ष्म शिंतोडा उडतो. शिंतोडा किती मोठा, त्यावरून कणाची ऊर्जा कळते. आणि ऊर्जा कळली की तो कण कुठल्या मूलद्रव्याने सोडला हेही कळतं, कारण प्रत्येक मूलद्रव्य क्ष-किरणांनी डिवचलं की आपल्या ठरलेल्या ऊर्जेचे कण परत फेकतं. लोखंडाची ऊर्जा वेगळी, चांदीची वेगळी. स्फटिकात केसाएवढी भेग असली तरी शिंतोडा अडतो आणि हिशेब चुकतो. जगातल्या आधीच्या डिटेक्टरांना चांदी आणि तिच्या शेजारचं कॅडमियम एकमेकांत मिसळल्यासारखे दिसत. चारुशीलाच्या डिटेक्टरला ते दोन वेगळे दिसणार होते. तिचा सगळा जीव तेवढ्या फरकात होता.

"मेअखेर चौसष्ट," प्रकल्पप्रमुख डॉ. सोहोनी प्रत्येक बैठकीत सांगत. "नाहीतर रॉकेटवरची आपली जागा दुसऱ्या उपकरणाला जाईल. पुन्हा संधी आठ वर्षांनी."

आठ वर्षांनी ती चोपन्न वर्षांची झाली असती.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिने स्फटिकांतून कापलेल्या अठ्ठावन्न पट्ट्या जोडून, पुढे भोकांचा पत्रा लावून डिटेक्टर पहिल्यांदा सबंध सुरू केला. चाचणीच्या खोलीत, डिटेक्टरपासून चार मीटरवर, एका दांडीला अमेरिशियम या किरणोत्सारी धातूची एक चकती टांगलेली होती. ती सगळ्या दिशांना क्ष-किरण सोडत राही. इतके दुबळे, की खोलीत बसायला कुणाला मनाई नव्हती. धूळ चालत नसल्यामुळे केंद्रातली सर्वांत स्वच्छ आणि गार खोली तीच होती, आणि मामा पॉलिशचं काम घेऊन तिथे येऊन बसत. त्या दिवशीही ते चकतीच्या पलीकडे स्टुलावर, डिटेक्टरकडे पाठ करून, वाकून पट्ट्यांच्या पितळी चौकटी ओल्या कापडाने घासत बसले. चारुशीला मोजणी सुरू करून बैठकीला गेली ती पाच वाजता परतली. मामा घरी गेले होते.

पडद्यावर चित्र तयार होतं. मधोमध चकतीचा प्रखर ठिपका, अगदी जिथे असायला हवा तिथे. ती उभ्या उभ्याच हसली. मग तिने एकेक ऊर्जा वेगळी काढून बघायला सुरुवात केली. चांदीच्या ऊर्जेवर एक बारीक, आडवी, किंचित वाकलेली रेघ दिसली. मामांचा करदोडा. हुपरीचा माणूस कमरेला चांदी घालणारच. कापडाखालचा चांदीचा गोफ चार मीटरहून लांबून दिसला होता!

मग तिने कॅडमियमची ऊर्जा लावली.

रेघेच्या थोडं वर, दोन बाजूंना, दोन लांबट डाग होते.

आधी तिला वाटलं, हे डिटेक्टरमधलंच कॅडमियम. पण ते धुक्यासारखं सगळीकडे सारखं पसरतं, त्याचा डाग होत नाही. मग वाटलं, चांदीच कॅडमियममध्ये सांडली असेल. पण चांदी शेजारीच, वेगळी, स्वच्छ बसली होती. कुठलाही जुना डिटेक्टर असता तर तिला ही पळवाट मिळाली असती. हा तिने स्वतः बनवला होता.

कॅडमियम एकदा शरीरात गेलं की मूत्रपिंडांत जाऊन बसतं आणि पंचवीस-तीस वर्षं हलत नाही. हे तिला माहीत होतं. भट्टीच्या खोलीच्या दारावर तशी पाटीच होती.

तिला तीन वर्षांपूर्वीची सकाळ आठवली. भट्टीत एक नळी फुटली होती आणि मामा झडप बंद करायला तसेच आत धावले होते. भट्टी वाचली. मामा दोन दिवस तापाने फणफणले. अहवालात चारुशीलाने 'किरकोळ गळती' असं लिहिलं होतं, कारण खरं लिहिलं असतं तर प्रयोगशाळा सहा महिने बंद राहिली असती. आणि कायम नोकरांची दरवर्षी होणारी लघवीची तपासणी कंत्राटी माणसांना लागू नव्हती. तिने तो कागदही वाचून सही केला होता.

दुसऱ्या दिवशी ती मामांना म्हणाली, "मामा, आज पुन्हा इथेच बसून काम करा. तिथेच, त्या स्टुलावर."

"बसतो की," मामा म्हणाले.

दहापासून दोनपर्यंत ते बसले. या वेळी तिने खोली सोडली नाही. ती डिटेक्टरमागे बसून त्यांच्या पाठीकडे बघत होती. शर्टाखाली मणके दिसत होते, इतके ते रोडावले होते. दुपारी दोन डाग कालच्यापेक्षा रेखीव आले. तिने आकडे मांडले. मूत्रपिंड निकामी व्हायला सुरुवात होते त्या मर्यादेच्या दीडपट.

तिची एक शाळेतली मैत्रीण मूत्रपिंडांची डॉक्टर होती. चारुशीलाने तिला फोन करून एका लेखासाठी विचारतेय असं भासवलं.

"उपाय काही नसतो गं," मैत्रीण म्हणाली. "कॅडमियम बाहेर काढता येत नाही. संपर्क ताबडतोब थांबवायचा, एवढंच. आज थांबवला तर पुष्कळदा किडन्या वर्षानुवर्षं तग धरतात. त्यात आणखी भर पडली तर मात्र मग वेळ लागत नाही."

"चार महिने पडली तर?"

"तुझ्या लेखात चार महिने कुठून आले?"

चारुशीलाने विषय बदलला.

ती सोहोनींकडे गेली. केबिनचं दार लावून म्हणाली, "सर, पोतदारांच्या तब्येतीबद्दल बोलायचंय. चाचणीत काही दिसलंय."

सोहोनींनी हातातलं पेन खाली ठेवलं. "चारुशीला, तू बोलायच्या आधी एक सांगतो. तब्येतीबद्दल जे काही असेल ते मला लेखी दे. लेखी आलं की मला भट्टी त्याच दिवशी थांबवावी लागेल, आणि मी थांबवीन. तोंडी मला काही सांगू नकोस. तोंडी मला ऐकू येत नाही."

"म्हणजे मी ठरवायचं."

"डिटेक्टर तुझा आहे," सोहोनी म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं.

तिने अर्ज लिहिला. चार ओळींचा. तो तिने आठवडाभर खणात ठेवला. रोज सकाळी खण उघडून वाची आणि शब्द बदली. 'आढळले' ऐवजी 'शक्यता दिसते'. 'ताबडतोब' ऐवजी 'लवकरात लवकर'. आठव्या दिवशी तिने तो फाडला आणि भट्टीच्या खोलीत गेली.

मामा तळहात भट्टीला लावून उभे होते. त्यांनी भट्टीवरचा हात काढला आणि ते तिच्याकडे वळून बघत राहिले.

"एकोणसाठवा कधी निघेल मामा?" तिने विचारलं.

"सात तारखेला," ते म्हणाले आणि पुन्हा भट्टीकडे वळले.

फेब्रुवारीच्या अखेरीस मूल्यमापन समिती आली. पाच शास्त्रज्ञ, त्यांतले दोन परदेशी. त्यांना एकच गोष्ट पटवून हवी होती: शेजारशेजारच्या ऊर्जा वेगळ्या दाखवायच्या, आणि त्याच चित्रात जागाही अचूक दाखवायच्या, हे दोन्ही हा डिटेक्टर एकाच वेळी करतो का? चारुशीलाने नमुने मांडून चित्रं काढली होती. चाचणीवस्तू क्रमांक एक, धातूची जाळी. क्रमांक दोन, कथिलाच्या पट्ट्या. दोन्ही चित्रं ठीक होती, पण समितीचे चेहरे हलले नाहीत.

मग तिने तिसरं चित्र लावलं. खाली चांदीची कमान, वर कॅडमियमचे दोन डाग.

"वा," समितीतले सर्वांत वयस्कर गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले. "ही वस्तू काय आहे?"

"चांदीची तार आणि कॅडमियमचे दोन गोळे," चारुशीला म्हणाली. "आम्ही इथेच ओतलेत."

छापील अहवालातही तिने तसंच लिहिलं आणि खाली सही केली. समितीने तेजोवेधला एकमताने मंजुरी दिली. संध्याकाळी केंद्रात पेढे वाटले गेले. मामांनी अर्धा पेढा खाऊन उरलेला कागदात गुंडाळून खिशात ठेवला. हल्ली त्यांना गोड जात नव्हतं.

मार्चमध्ये वर्षाराणी तिला भेटायला आली. मामांची एकुलती मुलगी, सासवडच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आई नसल्यामुळे वडील तिच्याचकडे राहत.

"मॅडम, बाबांच्या पायांना सूज येते," ती म्हणाली. "कंबर इतकी दुखते की सकाळी उठवत नाही. आमचे डॉक्टर म्हणतात वयामुळे आहे, ब्लडप्रेशर आहे. मला तसं वाटत नाही. भट्टीच्या कामाचं तर काही नाही ना? बाबांना विचारलं की म्हणतात, बाईंना सगळं ठाऊक असतं, त्यांना विचार."

चारुशीलापुढे चहा आला होता. तिने एक कप वर्षाराणीकडे सरकवला.

"भट्टीचं काही नाही," ती म्हणाली. "इथे सगळी काळजी घेतली जाते. त्यांचं वय झालंय, आणि ते ऐकत नाहीत. दोन-तीन महिन्यांचं काम राहिलंय. मग मीच त्यांना घरी बसवते."

वर्षाराणीचा चेहरा सैल झाला. "तुम्ही म्हणताय म्हणजे झालं. रात्र रात्र झोप नव्हती मला," ती म्हणाली आणि चहा प्यायली.

साठावा, एकसष्टावा, बासष्टावा. एप्रिलमध्ये मामांना भट्टीपुढे उभं राहवेना, म्हणून चारुशीलाने त्यांच्यासाठी उंच खुर्ची करून घेतली. नळी फोडताना त्यांचा हात कापू लागला, म्हणून तिने पाळण्याला चिमटे बसवून दिले. ती त्यांच्याशी पूर्वी कधी नव्हती इतकी चांगली वागत होती. घरून ताक आणायची. त्रेसष्टावा वाया गेला आणि पुन्हा लावावा लागला. चौसष्टावा निघाला एकोणतीस मेला. मामांनी तो उजेडात धरला, फिरवला आणि खुर्चीतून खाली कोसळले.

दवाखान्यात कळलं की दोन्ही मूत्रपिंडं दहा टक्केसुद्धा चालत नाहीत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. तपासणीत रक्तात आणि लघवीत कॅडमियम सापडलं. तोवर डिटेक्टरची पेटी बंगळुरूकडे रवाना झाली होती.

ऑगस्टमध्ये तेजोवेधचं उड्डाण झालं. ऑक्टोबरमध्ये पहिलं चित्र आलं: चारशे वर्षांपूर्वी फुटलेल्या ताऱ्याची राख, आणि त्या राखेतल्या मूलद्रव्यांचे एकमेकांपासून वेगळे, स्वच्छ डाग. जगभर ते छापलं गेलं. चारुशीलाचं नाव त्याखाली होतं.

वर्षाराणीने केंद्राकडे अर्ज केला: वडिलांचा आजार कामामुळे झाला आहे असं मान्य करावं, म्हणजे केंद्राच्या रुग्णालयात उपचार मिळतील आणि मूत्रपिंड-रोपणाच्या यादीत नाव लागेल. केंद्राने नम्र उत्तर पाठवलं. श्री. पोतदार हे मूळचे चांदी कारागीर असून त्या धंद्यात सांधे जोडायला कॅडमियम मिसळलेला डाख वापरतात, हे सर्वश्रुत आहे. ते त्यांच्या शरीरात तरुणपणीच गेलेलं असावं. केंद्रात त्यांचा कॅडमियमशी धोकादायक संपर्क आल्याची कसलीही नोंद नाही.

नोंद नव्हती हे खरंच होतं.

डिसेंबरात वर्षाराणी आपल्या वर्गाला तेजोवेधची माहिती दाखवत होती. केंद्राने आपल्या संकेतस्थळावर मूल्यमापनाचा अहवाल सगळ्यांसाठी ठेवला होता. मुलांना दाखवता दाखवता ती एका पानावर थांबली. चाचणीवस्तू क्रमांक तीन. ती शाळेत दरवर्षी मानवी शरीराचा तक्ता शिकवायची. कमरेच्या थोडं वर, मणक्याच्या दोन बाजूंना काय असतं हे तिला चित्राखालचं काही न वाचता कळलं.

तिच्या तक्रारीवर चौकशी समिती बसली. अध्यक्ष श्रीमती दळवी, निवृत्त सनदी अधिकारी, सरळ बाई. त्यांनी केंद्राला एका ओळीचं पत्र धाडलं: चाचणीवस्तू क्रमांक तीन सोमवारी समितीसमोर हजर करावी.

सोहोनींनी ते पत्र चारुशीलाच्या टेबलावर ठेवलं. "वस्तू असेलच," ते म्हणाले. "तुझी सही आहे."

"नसली तर?"

"नसली तर आपण मूल्यमापन समितीशी खोटं बोललो. मग दुर्बिणीतून येणाऱ्या प्रत्येक चित्रावर कोण विश्वास ठेवील?" ते दारापर्यंत गेले आणि न वळता म्हणाले, "अर्थात वस्तू असेलच."

शुक्रवार होता. शनिवारी केंद्राला सुट्टी. त्या सुट्टीच्या दुपारी चारुशीला भट्टीच्या खोलीत गेली. मामा कोसळल्यापासून ती बंदच होती. भांडारातून तिने कॅडमियमच्या कांड्या आणल्या, छोटी मूस पेटवली. इतक्या वर्षांत तिने स्वतः काही ओतलं नव्हतं. पहिले दोन गोळे साच्यात चिकटून मोडले. पुढचे दोन लांबट निघाले, पृष्ठभागावर खळगे असलेले, पण मापात होते. सासवडच्या सराफाकडून आणलेली चांदीची तार तिने कमानीसारखी वाकवली. तिन्ही वस्तू एका पेटीत फोमवर बसवून तिने वर चिठ्ठी डकवली.

सोमवारी समितीपुढे वर्षाराणी वडिलांना चाकाच्या खुर्चीवर घेऊन आली. मामांचा रंग मातीसारखा झाला होता. श्रीमती दळवींनी पेटी उघडून बघितली.

"डॉ. रेगे, अहवालातलं चित्र या वस्तूचं आहे?"

"हो."

"या वस्तूचं, आणि कुठल्याही माणसाचं नाही?"

"नाही," चारुशीला म्हणाली.

"पोतदार, चाचणी चालू असताना तुम्ही त्या खोलीत बसला होता का?"

"बसत होतो साहेब. थंडावा असायचा."

श्रीमती दळवींनी दोन्ही गोळे त्यांच्या हातावर ठेवले. "तुम्ही भट्टीचे जाणकार. हे तुम्ही ओतलेले आहेत?"

मामांनी एक गोळा उचलला. अंगठा त्याच्या खळग्यांवरून फिरवला, मग तो डोळ्यांजवळ नेला. उघड्या हवेत कॅडमियमची झळाळी महिन्याभरात मंदावते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? गोळा लखलखत होता. खोलीत सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि वर्षाराणी त्यांच्या ओठांकडे.

"माझ्या हातचे न्हाईत," ते म्हणाले.

श्रीमती दळवी चारुशीलाकडे वळल्या. "मग कोणी ओतले?"

"मी," चारुशीला म्हणाली. समितीपुढे तिने दिलेलं हे एकच खरं उत्तर होतं, आणि ते नोंदवलं गेलं.

"पोतदार, आणखी काही सांगायचंय?"

मामांनी गोळे एकेक करून फोममध्ये ठेवले, नीट दाबून बसवले. "न्हाई साहेब."

"बाबा!" वर्षाराणी म्हणाली. "अहो, बोला की!"

मामांनी पेटीचं झाकण लावलं. समितीने चार वाजता निर्णय दिला. तक्रारीला पुरावा मिळत नाही; सहानुभूतीने विचार व्हावा अशी शिफारस.

बाहेर व्हरांड्यात वर्षाराणी गाडी बोलावायला फाटकाकडे गेली. जाताना तिने चारुशीलाकडे पाहिलंही नाही. मामांची खुर्ची भिंतीला लावलेली होती. चारुशीलाला तिथून पुढे जाता येईना.

"बाई," मामा म्हणाले, "त्या दिवशी चित्र तुमच्या आधी मी बघितलं होतं. तुम्ही बैठकीला होता. मी घरी जायला उठलो तर पडद्यावर ठिपका होता, म्हणून तुम्ही करता तशी एकेक ऊर्जा लावून बघितली. चांदीवर माझा करदोडा, आणि कॅडमियमवर त्याच्या वरच्या अंगाला दोन डाग."

चारुशीला खुर्चीजवळ वाकली. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो. आठ दिवस थांबलो. मला वाटलं, धोक्याचं असतं तर बाई बोलल्या असत्या. त्या हिशेबी हाईत, बघून मोजून सांगतील." त्यांनी फाटकाकडे बघितलं. "मग तुम्ही आलात ते एकोणसाठव्याचं विचारायला. म्हटलं, म्हणजे भ्यायचं काही न्हाई."

"आणि आत? आत्ता आत का नाही बोललात? तुम्हाला कळलं होतं."

"कळायला काय, पोरसवदा कामगार पण सांगंल." मामांनी मांडीवरची शाल सारखी केली. "मी बोललो असतो तर अहवाल खोटा पडला असता. मग दुर्बीण खोटी. तिच्यात चौसष्ट स्फटिक माझे हाईत वो. माझं आता तेवढंच राहिलंय, बाकी तर सगळं गेलं."

फाटकाशी गाडी लागली. वर्षाराणी ड्रायव्हरला हाताने खूण करत होती. मामांनी मान वर केली आणि चारुशीलाच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, जसं ते उजेडात स्फटिक धरून बघत.

"बाई, ते गोळे ओतताना तोंडाला काही बांधलं होतं का? त्याचा धूर वाईट असतो."

तिला खोटं बोलून 'नाही' म्हणायचं होतं, पण ते जमलं नाही. "हो मामा," ती म्हणाली. "सुरक्षा विभागाचा मोठा मास्क होता. नळीतून ताजी हवा येणारा."

"असा मास्क हाय आपल्याकडं?"

"आहे. चार आहेत. भांडारात."

मामांनी मान हलवली.

"बरं केलंत," ते म्हणाले.

वर्षाराणी आली, तिने खुर्चीचा ब्रेक काढला आणि वडिलांना उतरणीवरून गाडीकडे नेलं. पाच वाजता त्यांचं डायलिसिस होतं.